आधी बिघाड पुन्हा घडवून दाखवा

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, सर्च बिघडलाय."

आमच्या गावच्या वाचनालयात सभासदांची नोंद दोन वर्षांपूर्वी संगणकावर आली. नाव टाकलं की सभासद क्रमांक, घरी नेलेली पुस्तकं, थकलेली वर्गणी असं सगळं समोर येतं. अलीकडे मात्र काही सभासद सापडेनासे झाले होते. बाईंनी संगणक बंद करून चालू केला. त्यांच्या भाच्याने सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. कुणी अँटिव्हायरस फिरवला. शेवटी बाईंनी न सापडणारी काही नावं नव्याने भरून टाकली. त्यामुळे एकेका माणसाचे दोन-दोन क्रमांक झाले, एकावर पुस्तकं आणि दुसऱ्यावर वर्गणी.

यातला प्रत्येक उपाय कधी ना कधी कुणाच्या तरी उपयोगी पडलेला आहे, म्हणूनच तो आधी सुचतो. पण नेमकं काय बिघडलंय हे कळायच्या आत सुरू केलेली दुरुस्ती म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. त्यात वेळ जातोच, शिवाय दुहेरी नोंदींसारखे नवे घोळ तयार होतात. मग मूळ दुखणं कुठलं आणि उपचाराने झालेलं कुठलं, हे वेगळं करायला आणखी दोन दिवस लागतात.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो. या कामात हुशारीपेक्षा क्रम जास्त उपयोगी पडतो, आणि तो क्रम प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसालाही पाळता येतो, असं माझं ठाम मत आहे. त्यातली पहिली पायरी सर्वात महत्त्वाची, आणि नेमकी तीच सर्वात जास्त वेळा गाळली जाते. दुरुस्तीला हात घालण्याआधी तो बिघाड आपल्याला हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा घडवून आणता आला पाहिजे.

हे का, ते नीट समजून घेऊ. बिघाड कधी होतो आणि कधी होत नाही, हे हातात आलं की कारण कुठे असेल त्याची हद्द आखता येते. दुसरं म्हणजे, बिघाड घडवता येत नसेल तर दुरुस्ती झाली की नाही, हेही कळत नाही. आज थांबला तो आपल्या उपायाने थांबला, की आज त्याची वेळच आली नाही? दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं.

याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. थेरॅक-25 हे कर्करोगावर किरणोपचार करणारं यंत्र होतं. त्यातून इलेक्ट्रॉनचा झोत देता येई किंवा क्ष-किरण देता येत. क्ष-किरणांसाठी आतला झोत कितीतरी पट तीव्र लागे, कारण तो थेट रुग्णावर न जाता मधल्या धातूच्या भागावर आदळायचा असे. अमेरिकेत टेक्सासमधल्या टायलर इथल्या कर्करोग केंद्रात 21 मार्च 1986 रोजी ऑपरेटर बाईंनी किरणांचा प्रकार भरताना 'ई'च्या (इलेक्ट्रॉन) जागी 'एक्स' (क्ष-किरण) दाबला. चूक लगेच लक्षात आली. बाणाच्या कळीने वर जाऊन त्यांनी ती सुधारली आणि बाकीच्या रकान्यांवरून एंटर मारत त्या खाली आल्या. उपचार सुरू होताच पडद्यावर 'मालफंक्शन 54' असा संदेश आला. असे संदेश एरवीही वरचेवर येत, म्हणून त्यांनी पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली. रुग्णाला 180 रॅड (रॅड हे किरणांच्या मात्रेचं माप) मिळायचे होते. नंतरच्या अंदाजाप्रमाणे मिळाले 16,500 ते 25,000.

कंपनीचे इंजिनिअर आले, त्यांनी यंत्र तपासलं, पण 54 काही त्यांच्यासमोर आला नाही. 7 एप्रिलला यंत्र पुन्हा वापरात आलं. 11 एप्रिलला त्याच बाईंच्या हातून दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत तेच घडलं. दोन्ही रुग्ण त्या इजांमुळे दगावले.

त्यानंतर त्या केंद्राचे भौतिकशास्त्रज्ञ आणि ऑपरेटर बाई यंत्रासमोर बसले. आपण काय-काय दाबलं होतं, हे बाईंना क्रमाने आठवत होतं. तोच क्रम त्यांनी पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि अखेर सूत्र हाती लागलं: वेग. बाई अनुभवी असल्याने त्यांची बोटं भराभर चालत. सावकाश भरलं तर काहीच होत नसे, भराभर भरलं की 54 हजर. आतले चुंबक जागेवर बसायला सुमारे 8 सेकंद लागत. तेवढ्या वेळात केलेली सुधारणा पडद्यावर दिसे, पण आतल्या प्रोग्रामपर्यंत पोचतच नसे. तपासायला आलेली माणसं जपून टाइप करत होती. एरवी चांगली असलेली ती सवयच इथे आड आली.

"आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय" हे वाक्य सॉफ्टवेअरच्या धंद्यात रोज ऐकू येतं. त्याचा अर्थ बिघाड नाही असा नसतो. तुमची परिस्थिती आणि त्यांची परिस्थिती यांत काहीतरी फरक आहे आणि तो अजून सापडलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून ज्याच्यासमोर बिघाड झाला, त्याच्या शेजारी बसा. त्याच्याच हातांनी, त्याच्याच यंत्रावर, त्याच्याच वेगाने करून घ्या.

मी वाचनालयात जाऊन बाईंच्या शेजारी बसलो. कोणतं नाव सापडत नाही? "अॅड. देशमुख." टाकून दाखवा. त्यांनी टाकलं आणि खरंच आलं नाही. पाच वेळा टाकलं, पाचही वेळा आलं नाही. मला बरं वाटलं. जो बिघाड दरवेळी होतो तो पकडता येतो. अवघड असतो तो अधूनमधून होणारा.

आता पुढची पायरी, निम्मं करत जाणं. बिघाड जेवढ्या जागेत असू शकतो तेवढी जागा दोन भागांत तोडायची, कुठल्या भागात आहे ते एका चाचणीने ठरवायचं आणि दुसरा भाग सोडून द्यायचा. घरातला मेन पुन्हा पुन्हा पडत असला की चांगला इलेक्ट्रिशियन आधी सगळे एमसीबी खाली पाडतो आणि मग एकेक वर करतो. भिंत फोडायच्या आधी कुठल्या खोलीतलं वायरिंग आहे, ते त्याला कळलेलं असतं.

निम्मं करण्याची ताकद पहिल्यांदा आकड्यांत पाहिली की आश्चर्य वाटतं. समजा पाच हजार ओळींची एक्सेल फाइल कुठल्याशा पोर्टलवर चढत नाही आणि खोट एका ओळीत आहे. एकेक ओळ तपासली तर पाच हजार वेळा पाहावं लागेल. पण आधी वरच्या अडीच हजार चढवून पाहा. चढल्या? मग खोट खालच्या अर्ध्यात आहे. त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. फार तर 13 फेऱ्यांत तुम्ही त्या एका ओळीवर येता. दहा हजार ओळी असत्या तरी फक्त एकच फेरी वाढली असती. प्रोग्रामर हेच जुन्या बदलांवर करतात. गेल्या महिन्यात चालत होतं, आज चालत नाही, मधे हजार बदल झाले, तर मधल्या पाचशेव्या बदलापर्यंतचा प्रोग्राम चालवून तपासायचा. दहाएक फेऱ्यांत दोषी बदल सापडतो. प्रोग्राममधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या 'गिट' या साधनात यासाठी 'बायसेक्ट' नावाची आज्ञाच आहे.

वेबसाइट उघडत नसली तरी हाच विचार करायचा. दुसरी वेबसाइट उघडते का? उघडत असेल तर इंटरनेट ठीक आहे. तीच वेबसाइट फोनवर मोबाइल डेटाने उघडते का? उघडली तर साइट जिवंत आहे, अडथळा तुमच्या वायफायमध्ये किंवा संगणकात. मग तोच फोन वायफायवर घेऊन पाहा. तिथेही उघडली तर राउटर सुटला, संगणक उरला. आता ब्राउझरच्या खासगी विंडोत उघडते का? उघडली तर साठलेल्या कुकीज (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) किंवा एखादं एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) यांच्यावर संशय. चार प्रश्नांत तुम्ही जगभरच्या शक्यतांवरून एका ब्राउझरच्या एका कोपऱ्यात आलात, आणि अजून काहीही बदललेलं नाही, म्हणजे काही बिघडवलेलंही नाही. माझ्या मते चांगली चाचणी तीच, जिची दोन्ही उत्तरं उपयोगी असतात. उत्तर काहीही आलं तरी आपण पुढे काय करणार ते बदलणार नसेल, तर ती चाचणी करूच नये.

वाचनालयात मी नावाचेच दोन तुकडे केले. फक्त "देशमुख" टाकायला सांगितलं. वकील साहेब लगेच आले! म्हणजे नोंद शाबूत होती, सर्चही चालत होता, भाच्याने सॉफ्टवेअर पुन्हा टाकण्याची काही गरज नव्हती. मग फक्त "अॅड" टाकलं. इतर दोन जुने वकील आले, हे आले नाहीत. दोन मिनिटांत हद्द एवढीशी झाली, नावाच्या सुरुवातीची अक्षरं.

मग मी यादीत दिसणारं त्यांचं नाव कॉपी करून सर्चच्या चौकटीत पेस्ट केलं आणि ते सापडलं. तेच नाव हाताने टाइप केलं की सापडत नव्हतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसत होती, संगणकाला मात्र ती वेगळी वाटत होती. अशा वेळी डोळ्यांवर विसंबायचं नाही, मोजायचं. मी एका कोऱ्या एक्सेल शीटमध्ये एका खाली एक अशी दोन्ही रूपं ठेवली आणि शेजारच्या रकान्यात 'लेन' हे अक्षरं मोजणारं सूत्र लावलं. यादीतल्या "ॲड"चं उत्तर आलं 2. टाइप केलेल्या "अॅड"चं उत्तर आलं 3.

बाई खुर्ची पुढे ओढून पाहायला लागल्या. कारण साधं होतं. संगणक अक्षराचा आकार पाहत नाही, क्रमांक पाहतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, 'ॲ' हे अखंड अक्षर आहे, त्याचा क्रमांक 0972. ते 2008 साली आलेल्या 5.1 या आवृत्तीत दाखल झालं. पण 'अ' लिहून त्यावर चंद्र दिला, म्हणजे 0905 आणि 0945 असे दोन क्रमांक एकामागोमाग ठेवले, तरी पडद्यावर तेच अक्षर उमटतं. ही दोन रूपं एकच समजा, असा नियम युनिकोडच्या प्रमाण रूपांतरांतही नाही. त्यामुळे ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं त्याने ते मुद्दाम सांगावं लागतं. इथे ते सांगितलेलं नव्हतं.

पण मग आधी इतके महिने सगळं सुरळीत कसं चालत होतं? हा प्रश्न नेहमी विचारायचा: शेवटचं नीट केव्हा चाललं आणि त्यानंतर काय बदललं? बाई म्हणाल्या, "काहीच बदललं नाही." असं उत्तर जवळजवळ दरवेळी मिळतं, आणि देणारा खोटं बोलत नसतो. त्याला तो बदल बदलच वाटलेला नसतो. जरा बोलता बोलता कळलं की चार-पाच महिन्यांपासून कॉलेजातली एक मुलगी संध्याकाळी येऊन नवे सभासद नोंदवते, आणि ती ते स्वतःच्या मोबाइलवरून करते. मोबाइलच्या कीबोर्डवर 'ॲ' ही एक कळ होती. बाईंच्या जुन्या संगणकावर 'अ' आणि मग चंद्र. दोघीही अगदी बरोबर लिहीत होत्या.

या सगळ्यात मी एका वहीत लिहीत होतो: काय केलं, काय अपेक्षा होती, काय घडलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि उपयोग झाला नाही तर ती पूर्ववत करायची, हा नियम वहीशिवाय पाळता येत नाही. चौथ्या-पाचव्या प्रयोगानंतर कुठली सेटिंग मुळात कशी होती, हे कुणालाच आठवत नाही. या वहीची परंपरा जुनी आहे. 9 सप्टेंबर 1947 रोजी हार्वर्डच्या मार्क-2 संगणकाच्या एका रिलेत (विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये) पतंग हा किडा अडकलेला सापडला, तेव्हा तिथल्या लोकांनी तो नोंदवहीतच चिकटवला आणि बाजूला पॅनेल, रिलेचा क्रमांक आणि वेळ लिहिली. यंत्रातल्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणायची पद्धत त्याच्याही आधीची, पण ते पान आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. नेमकी जागा, नेमकी वेळ आणि पुरावा, एवढं असलं की दुसरा माणूस तिथून पुढे जाऊ शकतो.

अधूनमधून होणाऱ्या बिघाडांसाठी ही वही यंत्रालाच लिहायला लावायची असते. तिलाच लॉग म्हणतात. 4 जुलै 1997 रोजी मार्स पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्याचा संगणक मधूनच रीसेट होऊ लागला. यान कोट्यवधी किलोमीटरवर, तिथे शेजारी कोण बसणार? पण नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत त्या यंत्रणेची जुळी प्रत होती. तिच्यावर घटनांची बारीक नोंद चालू करून माणसं तोच रीसेट घडवण्याच्या मागे लागली. तो घडला, आणि नोंदीत कारण दिसलं. असं समजा की साहेबांना कपाटाची किल्ली हवी आहे. ती शिपायाकडे आहे, पण रजिस्टर पुरं केल्याशिवाय तो ती सोडू शकत नाही. लिहायला टेबल एकच, आणि त्यावर हेडक्लार्क ठाण मांडून बसलाय, कारण शिपायापेक्षा त्याचं काम वरचं. शिपाई अडला म्हणून साहेब अडले. यानावर साहेबांच्या जागी माहितीची ने-आण सांभाळणारं सर्वात तातडीचं काम होतं, शिपायाच्या जागी हवामानाच्या नोंदींचं आणि हेडक्लार्कच्या जागी संपर्काचं. तातडीचं काम वेळेत झालं नाही की पहारा देणारा घड्याळी प्रोग्राम सगळंच रीसेट करून टाके. उपाय म्हणून, किल्ली हातात असेपर्यंत शिपायालाही साहेबांचा मान मिळेल अशी सोय चालू केली. ती सोय सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून होती, फक्त बंद ठेवलेली. तो बदल पृथ्वीवरून पाठवला आणि रीसेट थांबले.

या हकिकतीतला मला सर्वात बोलका वाटणारा तपशील असा, की उड्डाणापूर्वीच्या चाचण्यांतही हा रीसेट दिसला होता. पुन्हा घडवता आला नाही, म्हणून तो मागे पडला. एकदा दिसलेला बिघाड आपोआप गेला, तर तो गेला असं समजू नये. फक्त तारीख, वेळ आणि त्या वेळी काय चालू होतं, एवढं टिपून ठेवावं.

आता 'बंद करून चालू करा'बद्दल. हा सल्ला वाईट नाही. बराच काळ चालून साठलेला कचरा, अडकलेली कामं, चुकलेले हिशोब त्याने पुसले जातात. पण पुरावाही त्याबरोबर पुसला जातो. म्हणून रीस्टार्ट करण्याआधी पडद्याचा फोटो काढा, एररचा मजकूर शब्दशः उतरवून घ्या आणि यंत्र किती वेळ चालू होतं ते लिहा. हा शेवटचा आकडा किती मोलाचा ठरू शकतो, ते आखाती युद्धात दिसलं. अमेरिकी पेट्रिअट क्षेपणास्त्र यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत असे. दशांश 0.1 हा आकडा संगणकाच्या द्विमान पद्धतीत (फक्त 0 आणि 1 वापरून) नेमका लिहिता येत नाही, त्यामुळे चूक थोडी-थोडी साठत जाई. 25 फेब्रुवारी 1991 ला सौदी अरेबियात दहरानजवळची यंत्रणा सलग सुमारे 100 तास चालू होती आणि चूक 0.34 सेकंदाच्या आसपास गेली होती. येणारं स्कड क्षेपणास्त्र तिने चुकीच्या जागी शोधलं आणि 28 सैनिक ठार झाले. 'फार वेळ' सलग चालवलं तर अडचण येते, असा इशारा त्याच्या काही दिवस आधी गेला होता. पण फार वेळ म्हणजे किती तास, ते त्यात नव्हतं.

म्हणून बिघाड सांगताना 'कधीकधी', 'खूप स्लो', 'नीट चालत नाही' हे शब्द टाळा. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कितीपैकी किती वेळा झालं, हे सांगा. आपली शंकाही जरूर सांगावी, पण जे डोळ्यांनी पाहिलं त्यापासून वेगळी करून. नाहीतर समोरचा माणूस तुमच्या अंदाजाच्या मागे धावतो आणि आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी अशी गत होते.

वाचनालयाची दुरुस्ती छोटी होती. नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळी दोन क्रमांकांच्या रूपाचं अखंड 'ॲ' करून घ्यायचं. सॉफ्टवेअर ज्याने लिहिलं त्या मुलाने ते अर्ध्या तासात केलं. दुहेरी नोंदी एक करायला मात्र बाईंना आठवडा लागला. दुरुस्तीनंतर तोच प्रयोग त्याच संगणकावर आणि त्या मुलीच्या मोबाइलवर करून पाहिला, कारण बिघाड घडवण्याची कृती हीच दुरुस्ती तपासायची कृती असते. मग स्वतःला विचारलं, याच जातीची आणखी कुठली खोट लपली असेल? एकसारखं दिसणारं आणि दोन तऱ्हांनी लिहिता येणारं मराठीत दुसरं काय आहे? "कुऱ्हाडे" आणि "कुर्‍हाडे" एक्सेलमध्ये टाकली. पहिल्याला 8, दुसऱ्याला 9. दुसऱ्यात 'र्'च्या पुढे एक न दिसणारा जोडणारा क्रमांक असतो. म्हणजे कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडकर यांच्यातले काही जण पुढेमागे असेच हरवणार होते. तेही त्याच वेळी दुरुस्त करून घेतलं.

बाईंनी आठ नावांची एक चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवली आहे. सॉफ्टवेअरचा अपडेट आला की त्या आधी ही आठ नावं शोधून पाहतात. गेल्या महिन्यात त्यांचा पुन्हा फोन आला. "अहो, काल दुपारी अपडेट झालाय. तेव्हापासून आठापैकी कुऱ्हाडेच तेवढे येत नाहीत. तीनदा टाकलं, तीनदा नाही आले. नुसतं 'कु' टाकलं की येतात. मोबाइलवरूनही तसंच होतंय. रीस्टार्ट केलेला नाही."